दुष्काळ निर्देशांकावर ठरवायचा की शिवारात जाऊन?

कोरडी_नोंद: स्पेनमधल्या संशोधकांनी 2010 साली एसपीईआय नावाचा निर्देशांक मांडला. पडलेल्या पावसातून बाष्पीभवनाने उडू शकणारं पाणी वजा करायचं आणि उरलेला हिशोब त्याच जागेच्या जुन्या नोंदींशी ताडायचा. शून्य म्हणजे सरासरी, उणे दोनच्या खाली अतितीव्र दुष्काळ. यावरून साऱ्या जगाचा नकाशा निघतो, तोही फुकट. आपल्याकडे केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेने पावसाचे आणि उपग्रहावरून दिसणाऱ्या हिरवाईचे निर्देशांक आणले खरे, पण पैसेवारी, म्हणजे पीक सरासरीच्या मानाने किती आलं याचा गावोगावचा अंदाज, काही सुटत नाही. माझं मत: दुष्काळ निर्देशांकावरच जाहीर व्हावा.

घाटमाथा: साफ असहमत. तो नकाशा एक अंशाच्या चौकटीचा, म्हणजे बाजू शंभरेक किलोमीटरची. त्यात महाबळेश्वर आणि वाई एकाच घरात. वर साडेपाच हजार मिलिमीटर, खाली हजाराच्या आत. घाटात धो धो बरसला की वाईच्या कोरड्या शिवारालाही सरासरी भरल्याचं सर्टिफिकेट!

कोरडी_नोंद: तालुक्यासाठी तोच नकाशा वापरा असं कोण म्हणतंय? पद्धत घ्या, आकडे महसूल मंडळाच्या, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या, पर्जन्यमापकाचे घाला.

बांधावरून: मंडळाचा पर्जन्यमापक? आमच्याकडे एकच, तोही गावठाणाजवळ. ओढ्याच्या अलीकडे सर पडते, पलीकडे ढेकूळही भिजत नाही. उपग्रहाला हिरवं दिसतं ते उसाचं. शेजारची बाजरी निसवायच्या आतच करपलेली. 2023 ला संहितेच्या निकषांत राज्यातले 40 तालुके बसले. मग ओरड झाली आणि हजारावर महसूल मंडळं 'दुष्काळसदृश' ठरवावी लागली. आधी नेमकं काय मोजलं होतं?

कोरडी_नोंद: ती मंडळंसुद्धा पावसाच्या आकड्यांवरच निवडली, बरं का.

मृगजळ: मोजमापावर कसले भांडताय! सोमालियाबाबत 2010 च्या उत्तरार्धापासून इशारे येत होते. तिथे भूकबळींचा दुष्काळ जाहीर झाला 20 जुलै 2011 ला. अंदाजे अडीच लाखांवर माणसं गेली, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची लेकरं. आकडे होते. पैसा उशिरा आला, आणि अल-शबाब या सशस्त्र संघटनेच्या ताब्यातल्या भागात मदत पोहोचूच दिली नाही.

कोरडी_नोंद: म्हणून तर केनियाचं बघा. उत्तरेच्या तुर्काना, मर्साबिट, मंदेरा, वाजीरमध्ये उपग्रहाचा वनस्पती निर्देशांक ठरलेल्या पातळीखाली गेला की नेहमीच्या लाभार्थ्यांखेरीज जादा कुटुंबांच्या खात्यात पैसे जातात. पंचनामा नाही, मोर्चा नाही.

बांधावरून: तो जनावरं चारणारा मुलूख. तिथे गवत हिरवं की वाळलं, एवढाच सवाल. इथे ऊस वगळून आकडा काढून दाखवा, मग बोलू.