ओशोंचं नक्की काय म्हणायचं, धर्म की कल्ट? (घरात वाद पेटलाय)

वांगीभात:

बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज लिहायची वेळ आली कारण दोन रविवार झाले, घरात अबोला चालू आहे. झालं असं की माझ्या नवऱ्याने नेटफ्लिक्सवरची ती ओशोंच्या अमेरिकेतल्या शिष्यांवरची ऑरेगनवाली मालिका (२०१८ ची, सहा भागांची) आत्ता कुठे बघितली आणि जेवताना मामाला सहज म्हणाला, "मामा, म्हणजे तुम्ही चक्क कल्टमध्ये होतात की!" मामा माझा सख्खा, वय ७४, बँकेतून रिटायर, १९७७ ला पुण्यात संन्यास घेतलेला. संन्यास म्हणजे घरदार सोडून नाही हां, नोकरी चालूच, गेरू रंगाचा शर्ट घालून काउंटरवर बसायचा आणि गळ्यात ती भगवानांच्या (म्हणजे ओशोंच्या, तेव्हा भगवान रजनीश म्हणायचे) फोटोच्या लॉकेटची माळ. आजी शेवटपर्यंत म्हणायची की त्या माळेपायी याचं लग्न लांबलं.

तर मामा ताटावरून उठला. जाता जाता म्हणाला, "पहाटे सहाला ध्यानाला जायचो आणि साडेदहाला बँकेत हजर असायचो, कल्ट म्हणे!"

आता मला खरंच कळत नाहीये. देव नाही, पूजा नाही, सोवळं नाही, मग धर्म कसा म्हणायचा? आणि कल्ट म्हणावं तर आमच्या मामाने ना पैसे उधळले ना कोणाला नादी लावलं. पण ते अमेरिकेतलं विषाचं प्रकरण तर खोटं नाही ना? भक्त आणि विरोधक दोघांनी जरा सबुरीने घ्या, मला मामाशी परत बोलायचंय.

पेठेतला_पारवा:

ताई, विषाचं प्रकरण शंभर टक्के खरं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर १९८४, अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातलं द डॅल्स नावाचं गाव, ओशोंच्या तिथल्या शिष्यांनी दहा रेस्टॉरंटमधल्या सॅलड वगैरे पदार्थांत साल्मोनेलाचे जंतू मिसळले आणि ७५१ माणसं आजारी पडली. कुणी गेलं नाही हे नशीब. कशासाठी तर नोव्हेंबरमध्ये काउंटीची (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) निवडणूक होती, गावातले मतदार आजारी पडून घरी बसले तर आपली माणसं निवडून येतील. त्याच निवडणुकीसाठी देशभरातल्या शहरांतून बेघर लोकांना बसने भरून आणलं होतं मतदार म्हणून. हे वाचल्यावर मला तर आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या निवडणुका एकदम सात्त्विक वाटायला लागल्या.

आता पुण्याचं. आमचं बालपण कॅम्पातलं, त्यामुळे सायकलवरून जाणारे भगवे गोरे रोज बघितलेत. १९७४ ला हे महाराज मुंबईहून कोरेगाव पार्कात आले, एक महिना हिंदीत प्रवचन, एक महिना इंग्रजीत, आणि दारात केसांचा वास घेऊन मगच आत सोडायचे कारण भगवानांना दमा आणि वासाची ॲलर्जी. आमच्याकडे विनोद होता की डोक्याला तेल लावणाऱ्या पुणेकराला मोक्ष बंद! पुणेकर हसायचे, नाकं मुरडायचे आणि घरं मात्र त्यांनाच भाड्याने द्यायचे, हेही लिहून ठेवतो.

माझं मत विचाराल तर धर्म पण नाही आणि कल्ट पण नाही, धंदा. ९३ रोल्स रॉइस कुठला संन्यासी ठेवतो? १९९० ला ते गेल्यावर तर सगळं रिसॉर्टच झालं, दिवसा मरून झगा, संध्याकाळी पांढरा झगा, आत जायच्या आधी एचआयव्हीची टेस्ट. आणि अलीकडे तिथलेच दोन प्लॉट १०७ कोटींना विकायला काढले होते, ते धर्मादाय आयुक्तांनी डिसेंबर २०२३ मध्ये अडवलं. गंमत बघा, अडवा म्हणून भांडत होते ते जुने शिष्यच.

शून्य_सावली:

पारवा साहेब, ९३ गाड्या पाठ आहेत, एक तरी प्रवचन ऐकलंय का? कबीर, मीरा, अष्टावक्र, झेन, बुद्ध, असं कोणीही सोडलं नाही त्या माणसाने, इतकं सोपं करून सांगितलंय की आमच्यासारख्या संस्कृतचा गंध नसलेल्याला पण कळतं. मी कधी आश्रमात गेलो नाही, माळ घातली नाही, कुणाला एक रुपया दिला नाही, २२ वर्षं नुसता ऐकतोय. मी पण कल्टमध्ये का? ते विषाचं वगैरे जे केलं ते त्यांची सेक्रेटरी शीला हिने केलं, आणि ओशोंनी स्वतः सप्टेंबर १९८५ ला पत्रकार बोलावून ते सगळ्यांसमोर मांडलं. कुठला धर्मगुरू स्वतःच्या सेक्रेटरीवर असे आरोप करतो सांगा.

पेठेतला_पारवा:

करतो की, ती जर्मनीला पळून गेल्यावर करतो.

गुळाचा_चहा:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

काळा_डगला:

वांगीभात ताई, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर खुद्द त्यांच्याच इतिहासात आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून जरा लांबण लावतो.

हा माणूस साठच्या दशकापासून सगळ्या संघटित धर्मांना शिव्या घालत हिंडला. जबलपूरला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, घर जैन, आणि बोलणं असं की गांधीवादी, समाजवादी, शंकराचार्य सगळे एकदम चिडायचे. १९७० मध्ये मनालीला नवसंन्यास सुरू केला तेव्हाही म्हणणं हेच, की हा धर्म नाही. मग १९८१ मध्ये अमेरिका. तिथे ६४ हजार एकराचं रँच घेतलं, रजनीशपुरम नावाचं शहर वसवलं आणि १९८३ मध्ये एक पुस्तिका छापली, 'रजनीशिझम' हा आमचा धर्म आहे म्हणून! पुरोहितांसारख्या पायऱ्या, विधी, सगळं. का, तर बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं की धर्मगुरू म्हणून व्हिसा मिळायला आणि अमेरिकेत धर्मसंस्थेला कर माफ असतो त्याला हे सोयीचं होतं. आणि इथेच पाय अडकला. कारण त्याच वर्षी ऑरेगनच्या ॲटर्नी जनरलने मुद्दा काढला, धर्म आहात ना, मग शहर कसं चालवता? त्यांच्या राज्यघटनेत धर्म आणि सरकार वेगळं आहे, धर्मसंस्थेची नगरपालिका चालणार नाही. म्हणजे व्हिसासाठी धर्म व्हायचं आणि नगरपालिकेसाठी नाही व्हायचं, अशी कोंडी.

१९८५ च्या सप्टेंबरात शीला पळाल्यावर भगवानांनी जाहीर केलं की रजनीशिझम संपला, त्या पुस्तिकेच्या पाचेक हजार प्रती आणि शीलाचे झगे जाळले. स्वतःचा धर्म स्वतः जाळणारा दुसरा कोणी मला तरी माहीत नाही. पुढच्याच महिन्यात त्यांना अटक, मग इमिग्रेशनच्या गुन्ह्यात ४ लाख डॉलर दंड आणि देश सोडा. शीलाला २० वर्षांची शिक्षा झाली, भोगली २९ महिने.

अजून एक मासला. ते गेल्यानंतर संस्थेने 'ओशो' या नावाचा अमेरिकेत ट्रेडमार्क घेतला. दिल्लीच्या गटाने आव्हान दिलं आणि २००९ मध्ये तिथल्या ट्रेडमार्क बोर्डाने तो रद्द केला, कारण ओशो हे एका धार्मिक-ध्यानमार्गी चळवळीचंच नाव झालंय, त्यावर एका संस्थेची मालकी कशी. युरोपात मात्र २०१७ मध्ये तोच ट्रेडमार्क टिकला. म्हणजे अमेरिकेत चळवळ आणि युरोपात ब्रँड, बसा आता ठरवत.

आणि हे फक्त ओशोंचं नाही हो, आपल्याकडे पण धर्म आहे की नाही हा प्रश्न कोर्टात जातो तेव्हा पाठीमागे बहुतेक जमीन, कॉलेज नाहीतर देवळाचा दरवाजा असतो. स्वामीनारायण सत्संगी म्हणाले आम्ही हिंदू नाही, का, तर दलितांना मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नको. १९६६ मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी (आपले साताऱ्याचे) तो दावा उडवला. पाँडिचेरीजवळचं ऑरोव्हिल सरकारने ताब्यात घेतलं तेव्हा अरविंद सोसायटीवाले म्हणाले श्री अरविंदांचा हा धर्म आहे, १९८२ मध्ये बहुमताने निकाल आला की धर्म नाही. रामकृष्ण मिशनला कॉलेजं सरकारी हस्तक्षेपाशिवाय चालवायची होती म्हणून त्यांनी वेगळा धर्म सांगून बघितला, १९९५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं तुम्ही हिंदूच.

त्यामुळे कोणी 'धर्म आहे' म्हणालं की मी पहिलं विचारतो, कशासाठी म्हणताय? आणि 'कल्ट' हा शब्द तर आपल्या कायद्यात ओळखीचाच नाही. २०१३ चा आपला जादूटोणाविरोधी कायदा बघा, दाभोलकरांचा खून झाल्यावर आलेला, त्यात कृत्यांची यादी आहे, हे केलंत तर गुन्हा, तुमचा पंथ कुठला ते कोणी विचारत नाही. मला तीच रीत बरी वाटते.

गोदाकाठ:

डगला साहेब, भारी लिहिलंय. मी वारकरी घरातला, माझा मुद्दा जरा शब्दाचा आहे. मराठीत कल्टला शब्दच नाही! पंथ म्हणावं तर नाथपंथ आहे, महानुभाव पंथ आहे, आपण वारकरी संप्रदाय म्हणतो, यात कुठेच शिवी नाही. आपली शिवी माणसाला असते, बुवा, भोंदू, ढोंगी. म्हणजे आपल्याला बुवाबाजी दिसते पण त्याच्याभोवती जी व्यवस्था उभी राहते, कोण हिशोब ठेवतं, कोण दार लावतं, ते दिसत नाही. बुवा मेला की आपल्या लेखी विषय संपला.

आणि नवीन पंथ आला की लोक संशय घेणारच हे पण आहे. महानुभावांबद्दल काय कमी बोललं गेलं? काळे कपडे, वेगळी राहणी, त्यात पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिल्या, मग तर झालंच, लोक म्हणाले नक्की काहीतरी लपवतायत. आज त्याच पोथ्यांतून मराठीतलं आद्य गद्य आपल्याला मिळालंय.

आमच्यात ओळखायची साधी खूण म्हणजे माळ. तुळशीची माळ घातली की मांस-दारू बंद, एकादशी, जमली तर वारी. आता कोणी माळ उतरवली तर काय होतं? म्हातारी माणसं हळहळतात, आई दोन दिवस बोलत नाही, आणि फार तर पारावर टोमणे. दिंडीवाला येऊन तुमची जमीन मागत नाही, बायकोला सांगत नाही की याच्याशी बोलू नको. माझ्या चुलत्याने माळ उतरवून ढाबा काढला, आता दिंडीला जेवण तोच घालतो (शाकाहारी 😄). तर ताई, मामांना धर्म का कल्ट विचारूच नका, माळ काढली तेव्हा काय झालं ते विचारा.

शून्य_सावली:

गोदाकाठ, पटलं. पण मग ओशोंनीच १९८५ ला सांगितलं की लाल कपडे आणि माळ आता गरजेची नाही, ज्याला काढायची त्याने काढा. त्याचं काय?

सायीचं_दही:

त्याचं हे की गुरूने काढा म्हटल्यावर काढली तर ती सुटका कशी? तो पण आदेशच पाळला ना.

आणि मोठ्या माणसांचं सोडा, ती आपल्या पायाने गेली. ७० च्या दशकात पुण्यात आश्रमात ते एन्काउंटर ग्रुप (एक प्रकारची ग्रुप थेरपी) चालायचे त्यात मारामाऱ्या व्हायच्या, हाडं मोडायची, १९७९ मध्ये आश्रमालाच जाहीर करावं लागलं की आता मारामारी बंद. तरी म्हणेन की सज्ञान लोक होते. पण जी पोरं आईबापांमागून कम्यूनमध्ये (शिष्यांच्या सामूहिक वस्तीत) वाढली त्यांनी कुठला फॉर्म भरला होता? ती आता पन्नाशीला येऊन बोलतायत, लहानपणी मोठ्यांनी लैंगिक शोषण केलं आणि बघायला कोणी नव्हतं म्हणून. त्यांचं बोलणं ऐका एकदा. मग झेन आणि कबीर कितीही गोड असो, मला ते घशाखाली उतरत नाही. शिकवण वाईट होती असं मी म्हणत नाहीये, मी म्हणतेय की घर लावताना पोराला कुठे ठेवलं ते बघा.

शून्य_सावली:

यावर माझ्याकडे उत्तर नाही. ते प्रकार झाले असतील तर चूकच आहे आणि त्याला "भगवानांना माहीत नव्हतं" हे उत्तर पुरत नाही, एवढं मान्य करतो. ऐकणं मी सोडणार नाही.

पेठेतला_पारवा:

आज पहिल्यांदा तुमचा प्रतिसाद आवडला.

वांगीभात:

सगळ्यांचे आभार, काल मामाकडे जाऊन आले. गोदाकाठ दादांनी सांगितलं तसंच विचारलं, माळ काढली तेव्हा काय झालं.

मामा आधी गप्प बसला, मग म्हणाला, काही नाही झालं, १९८५ ला पेपरात वाचलं की काढली तरी चालेल, रात्री काढून कपाटात ठेवली, दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाला "वा, सुधारलात." गळ्याला आठवडाभर चुकल्यासारखं होत होतं, बास. मग आपणहून बोलायला लागला. त्याच्याबरोबर ध्यानाला एक जर्मन बाई असायची, तिकडचं राहतं घर विकून आलेली, मामाला मोडक्या हिंदीत "भैया" म्हणायची. १९८१ मध्ये भगवान एकदम अमेरिकेला गेले आणि हळूहळू सगळं पांगलं तेव्हा ती गेटबाहेरच्या कट्ट्यावर सामान घेऊन बसलेली त्याने बघितली. परत जायला घरच नव्हतं तिला. पुढे काय झालं माहीत नाही, पत्ता दिला होता पण पत्र आलं नाही. म्हणाला, "मला सुटायला काय लागलं गं, मी कधी पुरता गेलोच नव्हतो, एक तारखेला पगार होता माझा. तिच्यासाठी जावई म्हणतो तसं असेल ते. माझ्यासाठी नव्हतं."

सायीचं दही, तुमचा पोरांचा मुद्दा पण सांगितला. तो म्हणाला की आम्ही बाहेरून येणारे, सकाळी तासभर जाऊन परत, आत राहणाऱ्यांचं आम्ही बघितलं नाही. मग जरा वेळाने म्हणाला, "आणि बघायला गेलोही नाही."

अबोला सुटलाय. नवऱ्याला निरोप आहे, रविवारी पहाटे ये, एकदा डायनॅमिक ध्यान करून बघ आणि मग काय म्हणायचं ते म्हण. नवऱ्याने गजर लावलाय. मी सांगितलंय की त्यातलं ते "हू हू" ओरडणं जरा हळू करा, मामाच्या खालच्या मजल्यावर दीड महिन्याचं बाळ आहे.