वाचन फेब्रुवारीतच का अडतं?

जानेवारीत जोमाने सुरू केलेलं बायबलवाचन फेब्रुवारीत बंद पडतं, म्हणजे विश्वास कच्चा, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. हिशोब बघा: बायबलचे एकूण अध्याय 1189, म्हणजे वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार. पहिली दोन पुस्तकं, म्हणजे उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 अध्याय, जानेवारीअखेर उरकतात. निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाचे (इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूचे) तक्ते, पडदे, कड्या यांची मापं सुरू होतात, पुढे यज्ञ-विधींच्या नियमांचं लेवीय हे पुस्तक. नवखा माणूस तिथे अडणारच.

त्याऐवजी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा दुसरा भाग घ्या. अध्याय 260. रोज एक, आठवड्याला पाच धरले तर बरोबर 52 आठवडे, वर दर आठवड्याला दोन दिवस मोकळे. राहिलेलं त्याच दोन दिवसांत भरून काढा. तरी उरलं तर सरळ सोडून द्या आणि आजचा अध्याय उघडा. थकबाकी साचली की माणूस पुस्तकालाच टाळायला लागतो (आणि मग उपासनेलाही). सुरुवात मार्कपासून (येशूच्या चार चरित्रांपैकी एक) करा, 16च अध्याय आहेत.

वाचून झाल्यावर एकच ओळ वहीत उतरवा आणि तिच्यावरच प्रार्थना करा. फोनवर वाचत असाल तर आधी नोटिफिकेशन बंद.

वाचताना ध्येय काय ठेवायचं, असा प्रश्न पडला तर नव्या करारातलं फिलिप्पैकरांस पत्र 3:13-14 पाहा. मागचं विसरून पुढच्याकडे धाव घेतो, असं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, तेही बंदिवासातून. ‘मागचं’ म्हणजे फक्त पापं नव्हेत. त्याआधीच्याच ओळींत त्याने आपलं कूळ, परूशीपण (परूशी म्हणजे यहुद्यांमधला कडक धर्मनिष्ठ पंथ), मोशेच्या नियमशास्त्राचं काटेकोर पालन, सगळं हानी म्हणून मोजलंय. जुन्या सेवेच्या पुण्याईवर बसून राहणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा.