पन्हाळा, मसाई पठारावर फिरायला घोडा: वरातीचा घ्यावा की धनगराची घोडी?

करवीरकर
रविवारी पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार अशा वाटांवर फिरायला पहिलाच घोडा घ्यायचाय. क्लबात शिकलोय, दुडकी-चौखूर जमते. वजन ६२ किलो, खोगीर ८ किलोचं. जवळपास दोन जनावरं विकायला आहेत. एक मारवाडी घोडा, ५९ इंच, वरातीत नाचतो, मालक सात वर्षांचा सांगतोय. दुसरी भीमथडी घोडी, ५२ इंच, धनगराकडं ओझ्याला चाललेली. बघायला गेल्यावर काय तपासू?

खोगीर
उंची राहू द्या, आधी वजन काढा. कोपराच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८० केलं की अंदाजे किलो मिळतात. स्वार आणि खोगीर मिळून त्याच्या २० टक्क्यांत बसावं. तुमचे ७० होतात, म्हणजे जनावर ३५० किलोचं हवं.

वय मालकाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा घोड्याच्या तोंडात बघा. कोपऱ्याचे पक्के दात साडेचार वर्षांच्या सुमारास येतात. वरच्या कोपऱ्याच्या दातावर हिरडीपासून उभी खाच साधारण दहाव्या वर्षी दिसायला लागते, पंधराव्याला निम्म्यावर येते. सात वर्षांच्या घोड्याला ही खाच दिसली तर समजून जा.

नाचऱ्या घोड्याला मान वर, पाठ खोल अशी सवय लावलेली असते. उतारावर त्याला पायाखालचा दगड नीट दिसत नाही. हलगी वाजली की पाय सुरू, आणि गळितात उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातात ते वेगळंच. जीभ आणि ओठांच्या कडेला जुने व्रण आहेत का बघा. काटेरी लगामाला बंदी आहे, तरी वापरणारे आहेत.

नालबंद_शिरोळ
पाय डांबरावर बघा, मऊ मातीत लंगड लपते. मोकळ्या दोरीवर सरळ दुडकी काढायला लावा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं. चारही खूर उचलून बघा, उचलू देत नसेल तर नाल मारताना दरवेळी कुस्ती. तळाच्या मऊ त्रिकोणी गादीच्या खाचेत काळं, घाण वासाचं काही असेल तर खूर सडलाय. पन्हाळ्याच्या पावसात ते वाढतंच. खुरावरच्या आडव्या रेघा टाचेकडं रुंद होत गेल्या असतील तर खूर आतून सुजून गेलेला असू शकतो. असा घोडा मसाईच्या जांभ्यावर चालायचा नाही.

पशुवैद्य
एकदा बघून सौदा करू नका. दुसऱ्यांदा न कळवता जा, कारण वेदनाशामक दिलं की लंगड तात्पुरती दबते. गुंगीचं औषध दिलं असेल तर खालचा ओठ लोंबतो, घोडा झिंगल्यासारखा उभा राहतो. शांत उभ्या घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ हवा. दहा मिनिटं दुडकी-चौखूर पळवल्यावर खोकला येतो का, श्वास किती वेळात उतरतो ते बघा.

पैसे देण्याआधी ग्लँडर्स आणि सर्रा या घोड्यांच्या आजारांची रक्ततपासणी करून घ्या. ग्लँडर्स माणसालाही होतो. धनुर्वाताची लस कधी टोचली तेही विचारा.

करवीरकर
मोजून आलो. घोडा: घेर १६८, लांबी १५२, वजन ३६१. वरच्या दाताला खाच नाही. घोडी: १५२ आणि १४०, वजन २७२. म्हणजे घोडीला ७० किलो जास्तच?

खोगीर
हिशेबानं घोडीला ५४ किलोच झेपतात. सपाटीला कमी वेळ चालेल एखादवेळ, पण जोतिबाच्या चढाला तुम्हाला उतरून चालावं लागेल. तेवढ्याला तयार असाल तर वाटेवर तीच जास्त भरवशाची.

घोडा वजनाला बसतो, पण खच्ची केलेला आहे का? नसेल तर वाटेत दुसरी घोडी दिसली की आवरणं कठीण. मालकाला आधी स्वतः बसायला लावा, मग तुम्ही बसा. साधा लगाम लावून डांबरी रस्ता, ओढा, उतार आणि उसाचा ट्रॅक्टर एवढं पार करून आणा. एकटा गोठ्यापासून लांब जातो का, तेही बघा. ट्रॅक्टरला नाचला तर सोडून द्या आणि दिवाळीच्या सुमारास अकलूजचा घोडेबाजार बघा.

पशुवैद्य
कुठलंही घेतलं तरी जुना चारा आठवडाभराचा सोबत आणा आणि ७ ते १० दिवसांत हळूहळू बदला, नाहीतर पोटशूळ ठरलेला. उसाचं वाडं फुकट मिळतं म्हणून त्यावरच ठेवू नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं ठिसूळ होतात. पावतीवर रंग, पांढऱ्या खुणा आणि भोवरे कुठं आहेत ते लिहून घ्या.