हरभऱ्याआधी खताचे फण बदलायचे आहेत. भारी जमिनीत कोणते घ्यावेत?

काळी_आई (परभणी) यांचा प्रश्न

नमस्कार. परभणी जिल्ह्यात माझी बारा एकर भारी काळी जमीन असून तीत खरिपात सोयाबीन आणि त्यावर कोरडवाहू हरभरा घेतो. पेरणी ट्रॅक्टरच्या पाच फणी यंत्राने होते. खताची व बियाण्याची पेटी वेगळी आहे, मात्र दोन्ही नळ्या एकाच फणामागे उतरतात. यंदा सोयाबीन जागोजागी विरळ उगवले. आठव्या दिवशी एका रिकाम्या जागी खुरप्याने तास उकरला, तेव्हा फुगून तपकिरी पडलेले दाणे आणि त्यांना खेटून डीएपीचे (नत्र आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस देणारे दाणेदार खत) अर्धवट विरघळलेले खडे सापडले. शेजारच्या तासात तर खतच नव्हते, कारण त्या फणाच्या नळीचे तोंड चिखलाने बुजले होते.

फणांची टोके झिजून आखूड झाली असल्याने ती बदलणारच आहे. दुकानदार तीन प्रकार दाखवतो: रुंद पात्याचा फण, सुरीसारखा पातळ फण आणि फिरत्या तव्याचा. अमेरिकेतील शेतीच्या व्हिडिओंत खतासाठी पातळ सुऱ्याच दिसतात, म्हणून मन तिकडे ओढ घेते. भारी जमिनीत यांपैकी काय चालते, आणि खत बियाण्यापासून दूर पडावे यासाठी नुसता फण बदलणे पुरेसे आहे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

भाता_ऐरण (लातूर) यांचे उत्तर

दादा, माझे अवजारे दुरुस्तीचे काम आहे आणि दर वर्षी मृगाच्या तोंडावर अशी पाच-पंचवीस यंत्रे माझ्या दारात उभी असतात. तुमच्या नळीचे तोंड बुजले त्याचे मूळ झिजलेल्या टोकात आहे. टोक नवे असते तेव्हा ते नळीच्या तोंडापेक्षा खाली आणि पुढे असते, त्यामुळे नळी मोकळ्या चरात चालते. टोक आखूड झाले की नळीचे तोंडच जमिनीला टेकते आणि ओल्या मातीची गुठळी आत बसते. म्हणून पाचही टोके एकदम बदलावीत. तीन नवी आणि दोन जुनी ठेवल्यास पाच तासांची खोली सारखी कधीच राहणार नाही.

आता आकाराचे. रुंद पाते जास्त माती उलथते, ओढायला जड जाते आणि रब्बीत हवी असलेली ओल वर आणून वाळवते, तेव्हा हरभऱ्यासाठी मी ते देणार नाही. तवा काडीकचरा कापून जातो हे खरे. परंतु त्याला कडक रानात घुसण्यासाठी वजन लागते, आणि काळी माती जरा ओली असली की ती तव्याला लिंपून बसते. खरवडणारी पट्टी नसलेला तवा आमच्याकडे फुकट मिळाला तरी घेऊ नये. राहिला पातळ फण: तो कमी ताकदीत खोल जातो, माती फारशी हलवत नाही आणि चर पुन्हा मिटतो, त्यामुळे खतासाठी तोच योग्य आहे. मात्र घेताना पोलादाकडे पाहावे. साध्या लोखंडी पट्टीचे टोक स्वस्त असते आणि मुरमाड पट्ट्यात एका हंगामात संपते. स्प्रिंग पाट्याच्या पोलादाचे, योग्य पाणी दिलेले (तापवून, विझवून कडक केलेले) टोक अधिक टिकते, आणि त्याच्या पुढच्या कडेवर कठीण वेल्डिंगचा थर चढवून घेतला तर झीज आणखी लांबते.

मृद्गंध (राहुरी) यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. व्हिडिओतील त्या सुऱ्या बहुधा निर्जल अमोनियाच्या असतात. आयोवा, इलिनॉय या मक्याच्या प्रदेशांत ८२ टक्के नत्र असलेला हा अमोनिया दाबाखालील टाकीतून सुरीमागच्या बारीक नळीने साधारण १५ ते २० सेंटिमीटर खोल सोडतात. जमिनीत तो वायुरूप होऊन ओलाव्यात विरघळतो, म्हणून तिथे सुरीने पाडलेली चीर लगेच मिटणे हीच मुख्य गरज असते. आपले खत दाणेदार आहे आणि आपली अडचण वेगळी आहे: दाणा आणि खत यांच्यामध्ये माती कशी राहील?

खत बियाण्याच्या ५ सेंटिमीटर बाजूला आणि ५ सेंटिमीटर खाली पडावे, असा संकेत आहे. स्फुरद जमिनीत जवळजवळ जागचे हलत नाही आणि आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तर चुन्याशी लवकर बांधले जाते, म्हणून ते मुळांच्या वाटेवर पट्ट्यात पडलेले बरे. उलट डीएपी विरघळताना त्यातून अमोनिया सुटतो आणि तो उगवत्या कोंबाला जाळतो. युरिया बियाण्यालगत पडला तर हानी याहून अधिक होते. एकाच फणामागे दोन नळ्या असतील, तर दोहोंमध्ये चर मिटताना जेवढी माती कोसळेल तेवढेच अंतर मिळते, आणि चिकट मातीत ती कोसळतच नाही.

यावर उपाय असा, की यंत्राला पुढे आणखी एक आडवा बार लावून त्यावर खताचे पातळ फण बसवावेत आणि ते मागच्या बियाण्याच्या फणांच्या रेषेपासून ५ सेंटिमीटर सरकवून ठेवावेत. ट्रॅक्टरवर भार वाढेल, आणि सोयाबीनचे काड दोन बारांमध्ये अडकू नये म्हणून त्यांत मोकळे अंतरही सोडावे लागेल. तूर्त एवढा खर्च नको असेल, तर दाणेदार सुपर फॉस्फेट वापरावे. त्यात अमोनिया नसतो. मात्र त्यात स्फुरद १६ टक्के आहे आणि डीएपीत ४६ टक्के, म्हणजे तेवढ्याच स्फुरदासाठी जवळपास तिप्पट पोती पेटीत ओतावी लागतील. भुकटी मात्र घेऊ नये, ती नळीत दगडासारखी बसते.

जुनी_पाभर (बार्शी) यांचे उत्तर

बैलांच्या दोन चाडी पाभरीने (वर दोन वाट्या, म्हणजे चाडी असलेल्या पेरणीच्या अवजाराने) आम्ही हेच साधत होतो. एका चाड्यात खत, दुसऱ्यात बी, आणि खत खाली पडे. त्या काळी कोणी मोजपट्टी लावत नसे, पण मूठ सोडणारी बाई मागे वळून तास पाहत असे. माझा आग्रह फण विकत घेण्याआधी वाफसा (रान ना चिखल ना कोरडे, अशी ओल) पाहण्याचा आहे. पातळ फण ओल्या काळ्या रानात घातला, तर चराच्या दोन्ही भिंती थापल्यासारख्या गुळगुळीत होतात, आणि रान वाळू लागले की भेग नेमकी त्याच रेषेवर पडते. मागच्या वर्षी घाईने पेरलेल्या माझ्या दोन एकरांत हरभऱ्याचे दाणे भेगेतून उघडे दिसत होते. कोरडवाहू हरभरा १० सेंटिमीटरपर्यंत खोल पेरायचा असल्याने ही चूक तिथे फार महागात पडते.

काळी_आई (परभणी)

सर्वांचे आभार. भाता_ऐरण यांच्या सांगण्यावरून पाचही टोके पातळ, स्प्रिंग पाट्याची करून घेतली असून पुढचा बार गावच्या वेल्डरकडे टाकला आहे. दरम्यान एक पडताळणी केली. तासांतील अंतर ४५ सेंटिमीटर, म्हणजे यंत्राची रुंदी सव्वादोन मीटर. त्या हिशेबाने एकरी ५० किलो डीएपी पडायचे असेल, तर २० मीटर चालीत प्रत्येक नळीतून सुमारे १११ ग्रॅम खत यायला हवे. नळ्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून यंत्र बांधावरच्या रस्त्यावर २० मीटर ओढले आणि किराणा दुकानाच्या काट्यावर पिशव्या तोलल्या. चार पिशव्या १०५ ते ११५ ग्रॅमच्या दरम्यान भरल्या, पाचवी ६८. पेटी उलटी करून पाहिली, तर त्या छिद्रापाशी गेल्या वर्षीचे खत ओल धरून घट्ट बसलेले होते. ते पेचकसाने खरवडून काढले आहे.