माणमधील शेतीसाठी चौथी बोअर घ्यावी की शेततळे करावे?

माणदेशी, घोडबंदर रस्ता (ठाणे)

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात आमची वडिलोपार्जित सात एकर जमीन आहे आणि ती माझे चुलतभाऊ कसतात. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपासच, आणि त्यातही बरीचशी भिस्त परतीच्या पावसावर. गेल्या मे महिन्यात तिसरी बोअर ४०० फुटांपर्यंत नेली, परंतु राखाडी फुफाट्याखेरीज वर काहीही आले नाही. भावजय पदराने तोंड झाकून शेवटपर्यंत गाडीजवळ उभ्या होत्या आणि त्यांच्या पापण्यांवरही ती भुकटी बसली होती. आता दादा ६०० फुटांची बोअर घ्यायचे म्हणत आहेत. पैसे मला पाठवायचे आहेत, आणि डाळिंबाची बाग जळाली तर दोष माझ्याकडे येईल. शेततळे केल्यास काम भागेल का?

ऐरोलीकर

मी भूगर्भशास्त्र शिकलो आहे, त्यामुळे स्पष्टच सांगतो: ६०० फुटांची बोअर घेऊ नका. माणचा खडक बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते प्रामुख्याने वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. जसजसे खोल जावे तसतशा भेगा साधारणपणे विरळ होत जातात. खोलवर पाणी लागलेच तर ते अनेक वर्षांत मुरलेले असते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत उपसून संपते. शिवाय महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा अधिक खोलीच्या विहिरींवर निर्बंध आहेत, तेही पाहून घ्यावे. आपली जुनी विहीर असेल तर गाळ काढून तिच्या वरच्या अंगाला ओढ्यावर बांध घालणे अधिक उपयोगी ठरेल.

पुरंदरची लेक, खारघर

शेततळ्याचा हिशेब आधी मांडावा. ३० बाय ३० मीटरच्या, ३ मीटर खोल तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. एका एकराला ५० मिलिमीटरची एक पाळी द्यायची तर २ लाख लिटर लागते. म्हणजे उन्हाने उडणारे पाणी न धरताही एका एकराच्या अकरा पाळ्याच होतात. ठिबक असेल तर ते बरेच पुरेल. परंतु हे तळे वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याने भरले तरच त्याला अर्थ आहे. अस्तरीकरण केलेले तळे विहिरीतून किंवा बोअरमधून भरून ठेवण्याची पद्धत अनेक गावांत रूढ झाली आहे. त्यात जमिनीखाली सावलीत असलेले पाणी आपण वर आणून उन्हात ठेवतो आणि शेजाऱ्याची विहीर आटते. कृपया तसे करू नका.

आमच्या तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येवर ठरले: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही हक्क होता आणि ऊस वर्ज्य होता. हिवरे बाजारमध्येही पाऊस संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मगच रब्बीची पिके ठरवतात. तुमच्या सात एकरांपैकी नेमकी किती बाग जगवायची, हे दादांनी ऑक्टोबरात ठरवावे. मे महिन्यात ठरवायला काही उरत नाही.

कळवेकर

केवळ पाऊस कमी म्हणून टंचाई येते असे नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पाऊस २००० मिलिमीटरच्या वर पडतो, भातसा आणि तानसा ही धरणे तिथेच आहेत, तरीही उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर जातात. पाणी अडवले कुठे आणि वाटले कोणाला, हाच खरा प्रश्न आहे.

माणदेशी

सर्वांचा आभारी आहे. बोअरचे पैसे तूर्त थांबवले असून दादांशी सविस्तर बोललो. ते नाराज आहेत, पण गाळ काढण्यास तयार झाले आहेत. दिवाळीत गावी जाऊन शेजारच्या दोन्ही बांधकऱ्यांनाही बोलावणार आहे. विहिरीची पातळी मोजायची ती कोणत्या महिन्यांत?

ऐरोलीकर

ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. दोरीला दगड बांधून काठापासून मोजा, उपसा थांबवून रात्र गेल्यावर, पहाटे; आणि आकडा विहिरीच्या कठड्यावरच रंगाने लिहा, म्हणजे बांधकऱ्यांनाही तो दिसेल.