आईबाबांबरोबर ब्रुजमध्ये एक दिवस: काय पाहावे, काय सोडावे? (सल्ला हवा)

सायली_ब्रसेल्स:

नमस्कार. मी नोकरीनिमित्त ब्रसेल्सला राहते. मे महिन्यात आईबाबा साताऱ्याहून माझ्याकडे येत आहेत आणि त्यांना एक दिवस ब्रुजला न्यावे असा विचार आहे. मी स्वतः तिथे एकदाच, कचेरीतल्या मंडळींबरोबर घाईघाईत गेले होते, त्यामुळे मुख्य चौक आणि कालव्यावरची गर्दी यापलीकडे फारसे काही पाहणे झाले नाही.

बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. कोणतीही वास्तू पाहिली की ती कोणी, कशासाठी आणि कोणाच्या पैशाने बांधली हे कळल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही. आईचे गुडघे दुखतात. ती अर्धा तास सावकाश चालू शकते, पण मग तिला थोडे बसावे लागते. ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. क्रोशाचे विणकाम तिने आयुष्यभर केले आहे, त्यामुळे तिथली लेस तिला दाखवण्याची माझी फार इच्छा आहे. दोघांनाही आनंद होईल आणि आईची दमछाकही होणार नाही, असा दिवस कसा आखावा? होडी, घंटाघर आणि संग्रहालये यांपैकी कशाला वेळ द्यावा?

गेंटकर:

सायलीताई, मी बरीच वर्षे गेंटला राहतो. तिथून ब्रुज रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर असल्यामुळे भारतातून आलेल्या पाहुण्यांना तिथे नेण्याचे काम माझ्याकडे नेहमीच येते. माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला वेळेविषयी आहे. पर्यटकांच्या बसगाड्या आणि झीब्रुगे बंदरात उतरलेल्या जहाजांतले प्रवासी साधारण अकरापासून चारपर्यंत शहराच्या मध्यभागी असतात. त्यामुळे त्या वेळेआधी मध्यभाग पाहून घ्यावा, गर्दीच्या तासांत शहराच्या कडेला जावे आणि संध्याकाळी पुन्हा मध्यभागी यावे. ब्रसेल्सहून थेट गाडीला सुमारे एक तास लागतो, म्हणजे आठच्या सुमारास निघालात तरी नऊनंतर लगेच तुम्ही ब्रुजच्या स्थानकावर असाल.

स्थानकापासून मुख्य चौक, म्हणजे मार्क्ट, पायी वीस मिनिटांवर आहे. बसही मिळतात, पण आईंना चालवत असेल तर मिन्नेवाटर तळ्याच्या काठाने जावे, कारण तो रस्ता सपाट आहे, बागेत बाके आहेत आणि वाटेतच बेगिनहोफ लागते. हे बेगिनहोफ 1245 मध्ये स्थापन झाले. ज्या स्त्रियांना लग्न करायचे नव्हते किंवा ज्या विधवा होत्या, पण ज्यांना जोगिणींसारखी आजन्म व्रते घेऊन मठात बंद व्हायचे नव्हते, त्या इथे एकत्र राहून स्वतःच्या कष्टांवर जगत असत आणि मनात आल्यास तिथून बाहेरही पडू शकत असत. आता तिथे बेनेडिक्टाइन जोगिणी राहतात. पांढऱ्या रंगाची बैठी घरे आणि मधल्या हिरवळीवरची उंच झाडे सकाळी साडेनऊला पाहिली तर तिथे जी शांतता मिळते, ती दुपारी मिळत नाही. आत हळू आवाजात बोलावे लागते, हे आधीच सांगून ठेवा.

बाबांसाठी मात्र शहराचा इतिहास पाण्यापासून सुरू करावा, कारण ब्रुजचे भाग्य आणि दुर्भाग्य दोन्ही पाण्यानेच ठरवले. 1134 च्या वादळात समुद्र आत घुसला आणि झ्विन नावाची खाडी तयार झाली. या खाडीमुळे समुद्रापासून दूर असलेल्या या गावाला बंदराचा मार्ग मिळाला, आणि पुढची दोन-तीन शतके इंग्लंडची लोकर, फ्लँडर्सचे कापड, बाल्टिक किनाऱ्यावरचा माल आणि इटलीच्या व्यापाऱ्यांचा पैसा इथे एकत्र येत राहिला. मार्क्टच्या पूर्व बाजूला 1294 मध्ये बांधलेली ‘वाटरहाले’ नावाची मोठी वखार होती. तिच्या खालून कालवा जात असल्यामुळे होड्या थेट छपराखाली येऊन माल उतरवत असत. ती 1787 मध्ये पाडली. आज त्या जागी प्रांतिक शासनाची इमारत आहे आणि चौकात उभे राहून पाण्याचा मागमूसही लागत नाही. बाबांना तिथे उभे करून हे सांगा, मग उरलेले शहर ते स्वतःच वाचतील.

पुढे आपल्या सोपाऱ्याच्या खाडीसारखीच झ्विनही गाळाने भरत गेली, राजकीय संघर्षांची त्यात भर पडली आणि व्यापारी अँटवर्पला निघून गेले. शहर इतके गरीब झाले की जुनी घरे पाडून नवी बांधायला कोणाकडे पैसा उरला नाही. आज आपण जे पाहतो ते बऱ्याच अंशी त्या गरिबीमुळे टिकले आहे. तरीही तिथली प्रत्येक वीट मध्ययुगातली आहे असे समजू नये. एकोणिसाव्या शतकात अनेक दर्शनी भाग जुन्या धाटणीत नव्याने उभारले गेले, आणि सर्वाधिक छायाचित्रे ज्याची निघतात तो बोनिफासियस पूल तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे.

घंटाघराविषयी म्हणाल तर ते 83 मीटर उंच असून वर जायला 366 पायऱ्या आहेत आणि उद्वाहन नाही. वरच्या टप्प्यात जिना इतका अरुंद होतो की उतरणाऱ्याला वाट देण्यासाठी भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. आईंनी तो विचारही करू नये. बाबांची तब्येत चांगली असेल तर त्यांनी जरूर जावे, आणि तेवढा वेळ आईंनी अंगणातल्या बाकावर बसून घंटा ऐकाव्यात. वर 47 घंटांचा संच आहे आणि दर पाव तासाला त्यावर सूर वाजतात.

उंबरठा:

गेंटकरांचे वेळेचे गणित अगदी बरोबर आहे. मी चित्रांविषयी थोडे लिहिते, कारण एका दिवसाच्या आखणीत लोक सर्वांत आधी चित्रांवर काट मारतात आणि माझ्या मते ब्रुजमध्ये तरी तसे करू नये. मात्र सगळी संग्रहालये पाहण्याचा अट्टहासही नको. मला निवडायला सांगितले तर मी सिंट-यान रुग्णालय निवडेन. ही मध्ययुगीन रुग्णालयाची खरीखुरी इमारत आहे. जिथे कधी काळी आजारी माणसे खाटांवर पडलेली असत, त्याच जागेत हान्स मेमलिंग या चित्रकाराने या रुग्णालयासाठीच केलेली कामे ठेवलेली आहेत.

त्यातला संत उर्सुलाचा करंडा, म्हणजे पवित्र अवशेष ठेवायची पेटी, आईंना नक्की आवडेल. लाकडाचा, सोनेरी मुलामा दिलेला, जेमतेम तीन फूट लांबीचा हा करंडा लहानशा चर्चच्या आकाराचा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंवर उर्सुलेच्या प्रवासाची आणि मृत्यूची कथा चित्रांत सांगितली आहे. 1489 चे हे काम आहे. जवळ जाऊन पाहा: होडीतून उतरणाऱ्या उर्सुला आणि तिच्या सोबतिणींच्या मागे कोलोन शहर दिसते आणि त्यात तिथल्या प्रचंड चर्चचा मनोरा अर्धवट बांधलेला आहे, कारण त्या काळी तो खरोखरच अपुरा होता.

वेळ उरलाच तर ग्रूनिंग संग्रहालयात यान व्हान आइकचे 1436 मधले एकच चित्र पाहून बाहेर पडले तरी चालेल. गुडघे टेकून बसलेल्या वृद्ध धर्मगुरूच्या हातात चष्मा आहे आणि त्याच्या कानशिलावरची शीर फुगलेली दिसते. शेजारच्या संत जॉर्जच्या चिलखतात नीट पाहिले तर एका उभ्या माणसाचे इवलेसे प्रतिबिंब सापडते, आणि तो स्वतः चित्रकार असावा असे मानतात. संग्रहालयांचे साप्ताहिक सुटीचे वार सारखे नाहीत, म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी प्रत्येकाचा वार तपासून घ्यावा.

रुग्णालयासमोरच्या ‘आवर लेडी’ चर्चमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेली मेरी आणि बाळाची संगमरवरी मूर्ती आहे. ब्रुजच्या मूसक्रोन या व्यापारी घराण्याने ती इटलीतून विकत आणली. 1794 मध्ये ती फ्रेंचांनी पॅरिसला नेली आणि 1944 मध्ये जर्मन सैनिकांनी गाद्यांमध्ये गुंडाळून पळवली. पुढे ती ऑस्ट्रियातल्या आल्टाउसेच्या मिठाच्या खाणीत सापडली. मूर्तीत आई मुलाकडे पाहत नाही आणि मूल तिच्या गुडघ्यांमधून पुढे पाऊल टाकायला निघाले आहे. तिथे खुर्च्या आहेत, त्यामुळे आईंना निवांत बसून पाहता येईल.

सायली_ब्रसेल्स:

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना आत्ताच फोनवरून वाटरहालेविषयी सांगितले आणि त्यांनी लगेच नकाशा पाठवायला सांगितला. आता दोन शंका राहिल्या आहेत. दुपारच्या गर्दीत ‘शहराच्या कडेला’ म्हणजे नेमके कुठे जावे? आणि आईच्या जेवणाचे काय करावे?

मायमाउली:

ताई, माझ्या सासूबाईंना मी असेच नेले होते आणि त्याही अंडे खात नाहीत, म्हणून जेवणाचे मी सांगते. बेल्जियममधले बटाट्याचे तळलेले काप परंपरेने गाईच्या चरबीत तळतात. त्यामुळे घंटाघराखालच्या हिरव्या टपऱ्या असोत की दुसरे कोणतेही दुकान, वनस्पती तेल वापरता का, हे विचारल्याशिवाय ते घेऊ नयेत. वॅफलच्या पिठात अंडे असते. चीजचे क्रोकेट शाकाहारी म्हणून देतात, पण त्यांच्या आवरणालाही अंडे लावलेले असते. चॉकलेटच्या दुकानात मद्य आणि जिलेटिन नसलेले कोणते, असे विचारले तर ते वेगळे काढून देतात आणि एकेक निवडून घेता येते. उपाहारगृहात सूप घेतलेत तर ते कशाच्या पाण्यात शिजवले आहे हेही विचारा. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा बरोबर नेला होता आणि आम्ही मिन्नेवाटरच्या बागेत बसून जेवलो. सासूबाईंना तेच अधिक रुचले. नंतर गरम कॉफीपुरते एखाद्या दुकानात बसता येते.

लेसविषयी एक कळकळीची विनंती आहे. मध्यभागातल्या दुकानांत टांगलेली बरीचशी लेस यंत्रावर केलेली असते. हातची लेस कशी विणतात हे पाहायचे असेल तर पूर्वेकडच्या सिंट-आना भागातल्या लेस केंद्रात दुपारच्या वेळी जावे. तिथे बायका मांडीवरच्या उशीवर टाचण्या रोवून, त्यांच्याभोवती डझनावारी लाकडी रिळे अशी झरझर फिरवतात की कोणता धागा कोणावरून गेला हे आपल्याला कळतच नाही. क्रोशात एकच सुई आणि एकच धागा असतो, त्यामुळे विणणाऱ्या माणसाला यातली अवघडता पटकन उमगते. सासूबाई तिथून हलायलाच तयार नव्हत्या.

गेंटकर:

मायमाउलींनी माझ्या उत्तराचा अर्धा भाग लिहूनच टाकला. सिंट-आना हीच ती शहराची कड. लेस केंद्राला लागूनच जेरुसलेम चॅपल आहे. जिनोआहून आलेल्या अडोर्नेस घराण्याने जेरुसलेममधल्या पवित्र समाधीच्या धर्तीवर ते पंधराव्या शतकात बांधले. परदेशी व्यापारी या गावात किती खोल रुजले होते हे बाबांना तिथे दिसेल. तिथून थोडे पुढे जुन्या तटाच्या मातीच्या उंचवट्यावर पवनचक्क्या आहेत. त्यांपैकी सिंट-यानहाउस ही 1770 मधली चक्की अजूनही मूळ जागी उभी आहे. आसपास हिरवळ आहे आणि बसायला जागाही भरपूर आहे.

तिथून मध्यभागाकडे परतताना व्हान आइक चौकावरून यावे. चौकाच्या कडेला जुने जकातघर आणि श्रीमंत नागरिकांच्या बैठकीची इमारत आहे. जवळच व्हान डेर बुर्झे घराण्याच्या खानावळीची जागा आहे, जिच्या समोर परदेशी व्यापारी हुंड्यांचे आणि पैशांचे व्यवहार करत. शेअर बाजारासाठी युरोपातल्या अनेक भाषांत वापरला जाणारा ‘बोर्स’ हा शब्द या घराण्याच्या नावावरून आला असे मानले जाते.

होडी मी शेवटी ठेवली आहे, कारण दुपारच्या रांगेत उभे राहणे आईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही. फेरी साधारण अर्ध्या तासाची असते. होडीत उतरताना धक्क्याच्या पायऱ्या आणि होडीची हलणारी कड, एवढ्याच दोन जागा जपायच्या. तिथे नाविक हात देतात, तरी बाबांनी आधी उतरून पुढे थांबावे. सकाळी पहिल्या फेऱ्यांना किंवा दुपारी चारनंतर रांग कमी असते, पण संध्याकाळी शेवटची फेरी केव्हा सुटते हे सकाळीच धक्क्यावर विचारून ठेवा. काही पूल इतके खाली आहेत की बसल्या जागी मान वाकवावी लागते.

फेरी झाल्यावर रोझेनहुडकाईच्या कोपऱ्यावर थोडा वेळ थांबा. तिथून घंटाघर, विटांच्या भिंती आणि पाणी एकाच नजरेत येतात. दुपारी तिथे कठड्याला टेकायलाही जागा मिळत नाही, मात्र सहानंतर ती मिळते आणि मे महिन्यात उजेड नऊपर्यंत असतो. म्हणूनच परतीची गाडी सातच्या आधीची धरू नका, असे मी निक्षून सांगेन.

उंबरठा:

तारखेविषयी एक राहिले. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी, म्हणजे बहुधा मे महिन्यातल्या एका गुरुवारी, ब्रुजमध्ये पवित्र रक्ताची मिरवणूक निघते. बुर्ग चौकातल्या चर्चमध्ये जपलेली, ख्रिस्ताचे रक्त म्हणून पुजली जाणारी कुपी त्या दिवशी शहरभर फिरवतात आणि शेकडो नागरिक जुन्या काळच्या वेशात तिच्यापुढे चालतात. बाबांना ते पाहायला फार आवडेल. परंतु त्या दिवशी दुपारी मधले रस्ते बंद असतात, गर्दी अलोट असते आणि वर सांगितलेल्या आखणीतले फारसे काही जमणार नाही. मिरवणूक पाहायचीच असेल तर बाबांना एकट्यांना घेऊन वेगळ्या दिवशी जा, आणि आईंबरोबरच्या दिवसासाठी शनिवार-रविवार टाळून मधला एखादा वार निवडा.

सायली_ब्रसेल्स:

आखणी पक्की झाली. बेगिनहोफ आणि मार्क्ट सकाळी, रुग्णालय आणि चर्च बाराच्या आत, मग डबा, दुपारी सिंट-आना आणि लेस, आणि चारनंतर होडी. घंटाघरासाठी बाबांचे एकट्याचेच तिकीट काढते. ग्रूनिंग संग्रहालय या वेळी सोडते, कारण आईला लेस केंद्रात हवा तितका वेळ बसू द्यायचे आहे.

गेंटकर:

उत्तम. घंटाघरात एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात, त्यामुळे ते तिकीट वेळेसह आधीच काढून ठेवा आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या. शहरभर दगडी फरसबंदी आहे आणि पावसाने ती निसरडी होते, म्हणून आईंना चपलांऐवजी बंद, जाड तळव्यांचे बूट घालायला सांगा. सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी थोडी सुटी नाणीही जवळ असू द्या.