मदत हवी आहे: एका लॅपटॉपवर तीन गूगल, दोन वनड्राइव्ह, एक ड्रॉपबॉक्स

हिशेबनीस
एकूण सहा खाती आहेत. गूगल ड्राइव्हची तीन (माझं, सोसायटीचं, क्लासचं), वनड्राइव्हची दोन, ड्रॉपबॉक्सचं एक. सगळी एक्सप्लोररमध्ये शेजारी शेजारी दिसायला हवीत. ब्राउझरमध्ये सारखं लॉगआउट-लॉगइन करून वैताग आलाय. वनड्राइव्ह दुसरं खातं घेतच नाही. वर सी ड्राइव्ह भरून लाल झालाय. फाइली डिस्कवर न ठेवता क्लाउडवरूनच 'स्ट्रीम' करून पाहिलं, ढिम्म फरक नाही. मी सोसायटीचा सेक्रेटरी, ऑडिट तोंडावर आहे. 'गूगलून पाहा' असं कृपया कोणी सांगू नये.

पावशेर
विंडोज की मॅक? डिस्क किती जीबीची? वनड्राइव्हची दोन्ही खाती घरगुती आहेत की त्यातलं एक ऑफिस-कॉलेजचं? 'घेत नाही' म्हणजे मेसेज काय येतो? आणि स्ट्रीम नक्की कुठल्या खात्याला केलंत?

उंटावरचा
एवढी खाती हवीत कशाला? गूगल वनचा मोठा प्लॅन घ्या, घरातल्या आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येतो. सगळं एकाच खात्यात टाका आणि मोकळे व्हा.

पावशेर
@उंटावरचा, सोसायटीची कागदपत्रं सेक्रेटरीच्या खासगी खात्यात? उद्या कमिटी बदलली की पासवर्ड कोणाच्या हातात देणार? ते खातं वेगळंच राहायला हवं. त्यांनी प्लॅनबद्दल विचारलेलंही नाही.

निळी शाई
लॉगआउट-लॉगइनचा वैताग पाच मिनिटांत संपेल. क्रोममध्ये वर उजवीकडच्या गोल चित्रावर टिचकी मारा आणि प्रत्येक खात्याला वेगळं प्रोफाइल करा. प्रत्येकाला वेगळा रंग द्या, शॉर्टकट टास्कबारवर लावा. कुकीज वेगळ्या राहतात, त्यामुळे खात्यांची सरमिसळ होत नाही. एकाच प्रोफाइलमध्ये तीन गूगल खाती उघडी ठेवली की जे पहिलं उघडलं तेच मुख्य ठरतं. मग सोसायटीच्या फाइलची लिंक तुमच्या खात्यात उघडते आणि 'परवानगी मागा' असं पान समोर येतं. अशा वेळी पत्त्यात 'यू' नंतरचा शून्य बदलून एक किंवा दोन केला तरी काम भागतं.

हिशेबनीस
विंडोज ११. एसएसडी २५६ जीबी. वनड्राइव्हची दोन्ही घरगुती. एक घरगुती खातं आधीच जोडलेलं आहे, असा काहीतरी मेसेज येतो. ब्राउझर नको हो, एक्सप्लोररमध्येच हवं.

कोपऱ्यातला
मग ती अडचण नाही, मर्यादा आहे. विंडोजच्या एका युजरखाली वनड्राइव्हचं घरगुती खातं एकच चालतं. ऑफिस-शाळेची खाती मात्र त्याच्या जोडीला एकाहून जास्त जोडता येतात. ड्रॉपबॉक्सचंही तसंच, एक वैयक्तिक आणि एक टीमचं असेल तर दोन्ही एकत्र, दोन वैयक्तिक नाहीत. फुकट ड्रॉपबॉक्स असेल तर तीनच उपकरणं जोडता येतात हेही ध्यानात ठेवा, फोन त्यातच मोजला जातो.

गूगल त्या मानाने सढळ आहे. ड्राइव्ह फॉर डेस्कटॉपमध्ये एका वेळी चार खाती चालतात. ट्रेमधलं (घड्याळाशेजारचं) चिन्ह, गिअर, प्रेफरन्सेस, मग वरच्या तुमच्या चित्रावरून 'अ‍ॅड अनदर अकाउंट'. स्ट्रीम ठेवलं तर प्रत्येक खात्याला आपापलं ड्राइव्ह लेटर (सी, डी सारखं अक्षर) मिळतं.

म्हणजे तुमचं गणित: तीन गूगल, एक वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्स हे त्या त्या कंपनीच्याच अ‍ॅपमधून. उरलं दुसरं वनड्राइव्ह. प्रश्न फक्त तेवढाच आहे.

घाटरस्ता
सहा खात्यांसाठी तीन अ‍ॅप बोडक्यावर कशाला बसवायची? आरक्लोन घ्या. क्लाउडमधल्या फाइली जोडायचं-हलवायचं सॉफ्टवेअर. मुक्तस्रोत आहे, फुकट आहे, सगळ्या सेवा चालतात. विंडोजवर आधी विनएफएसपी हे पूरक सॉफ्टवेअर बसवायचं, मग आरक्लोन कॉन्फिग चालवून प्रत्येक खात्याला एक नाव द्यायचं आणि माउंट करून (ड्राइव्हसारखं जोडून) लेटर द्यायचं. व्हीएफएस कॅशे (फाइलींचा तात्पुरता साठा) मोड 'फुल' ठेवा, नाहीतर वर्ड-एक्सेल सेव्ह करताना रडतात. कॅशेला कमाल आकारही घाला. आपणहून त्याला आकाराची मर्यादा नसते आणि तो सी ड्राइव्हवरच साठतो.

कोपऱ्यातला
ऑडिट तोंडावर आलेल्या माणसाला कमांड लाइन शिकवताय. काळी खिडकी बंद झाली की ड्राइव्ह गायब. टास्क शेड्युलरमध्ये घालायचं, तेही नेहमीच्या युजरखाली, कारण अ‍ॅडमिन म्हणून माउंट केलं तर साध्या एक्सप्लोररला ते लेटर दिसतच नाही. गूगलसाठी स्वतःचा क्लायंट आयडी (अर्ज करणाऱ्या सॉफ्टवेअरची ओळख) काढा म्हणतात. तो काढून 'टेस्टिंग'मध्येच सोडला तर सात दिवसांनी टोकन (खात्यात शिरायची परवानगी) संपतं आणि लोक आरक्लोनला शिव्या घालत बसतात.

घाटरस्ता
'टेस्टिंग'चं 'प्रॉडक्शन' करायला एक बटण दाबावं लागतं. क्लायंट आयडी वेगळा हवा तो एवढ्यासाठीच की सगळ्यांच्या सामायिक आयडीवर गर्दी होते आणि वेग मरतो. वनड्राइव्हला तीही भानगड नाही. फक्त नव्वद दिवस हात लावला नाही तर टोकन शिळं होतं, तेव्हा रीकनेक्टची आज्ञा द्यायची. कॉन्फिगला मात्र पासवर्ड घाला, सगळ्या खात्यांच्या किल्ल्या त्या एका फाइलमध्ये असतात.

वायफळ
कमांड लाइन नको असेल तर रायड्राइव्ह. खिडकीतच खातं निवडा, लेटर निवडा, संपलं.

मिरची ठेचा
तिऱ्हाइताच्या सॉफ्टवेअरला अख्ख्या ड्राइव्हची किल्ली द्यायची? विशेषतः त्या 'सगळी खाती एका वेबसाइटवर आणा' सेवांना? आरक्लोनचं टोकन निदान तुमच्या मशिनवर राहतं, त्या सेवांचं त्यांच्या सर्व्हरवर. दिलंच असेल तर गूगलच्या सुरक्षा पानावर जाऊन जोडलेल्या अ‍ॅपमधून काढून टाका. नुसतं अनइन्स्टॉल करून परवानगी रद्द होत नाही.

वायफळ
रायड्राइव्ह वेबसाइट नाही हो. वाचून तरी लिहा.

पावशेर
भांडण नंतर. @हिशेबनीस, स्ट्रीमचं सांगितलं नाहीत अजून. ही निवड खात्यागणिक वेगळी असते. तीनही खात्यांत जाऊन पाहिलंत का? आणि आधी मिरर (सगळ्या फाइली डिस्कवरही) होतं का?

हिशेबनीस
आधी मिररच होतं. माझ्या खात्याला स्ट्रीम केलं. बाकीच्या दोघांचं वेगळं करावं लागतं हे कुठेच लिहिलेलं नाही. सोसायटीच्या फोल्डरमध्ये टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा आहे, तो लॅपटॉपवरच हवा.

पावशेर
घ्या, आता उलगडलं. दोन खाती अजून मिररवर आहेत, म्हणजे त्यांची पूर्ण नक्कल डिस्कवर आहे. आणि पहिल्याचं स्ट्रीम केलंत तरी मिररचा जुना फोल्डर आपोआप पुसला जात नाही, तो तिथेच पडून राहतो. सी, युजर्स, तुमचं नाव, त्यात 'माय ड्राइव्ह' पाहा. त्याचा आकार बघा म्हणजे सी लाल का ते कळेल.

पण थेट डिलीट मारू नका, क्रम पाळा. आधी ट्रेमध्ये सगळं सिंक झाल्याची खूण आहे ना ते पाहा. मग प्रेफरन्सेसमध्ये त्या खात्याला खरोखर स्ट्रीम आहे का ते तपासा. खातं मिररवर असताना त्या फोल्डरमधलं काही पुसलं तर ते क्लाउडवरूनही जातं. ट्रॅशमध्ये तीस दिवस राहतं, त्यानंतर कायमचं. स्ट्रीमची खात्री पटली की फोल्डरचं नाव बदलून 'जुनं' करा, दोन दिवस काम करून बघा, काही अडलं नाही तर शिफ्ट धरून डिलीट. शिफ्ट विसरलात तर सगळं रिसायकल बिनमध्ये जाईल आणि सी लालच राहील.

अ‍ॅपडेटामधला ड्राइव्हएफएस फोल्डर (गूगल ड्राइव्हचा स्वतःचा साठा) मात्र हाताने पुसू नका, भले यूट्यूबवर कोणी सांगो. अपलोड व्हायच्या राहिलेल्या फाइली तिथेच असतात.

कोपऱ्यातला
पावशेरशी सहमत. पण टॅलीचं काय? चालू टॅलीचा डेटा फोल्डर कुठल्याही सिंकखाली ठेवू नये. गूगल असो, वनड्राइव्ह असो. टॅली त्या फाइली उघड्या ठेवून सतत लिहीत असतं आणि सिंकवालं अ‍ॅप मध्येच अर्धवट अवस्था उचलून वर चढवतं. दोन मशिनवर उघडलं तर विचारूच नका. डेटा साध्या फोल्डरमध्ये हलवा, टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि फक्त ती बॅकअपची फाइल सोसायटीच्या ड्राइव्हमध्ये टाका. आउटलुकच्या पीएसटीलाही (मेल साठवणाऱ्या फाइलीला) हाच नियम.

रानमेवा
फोनमधले फोटो दोन खात्यांत आपोआप जावेत यासाठी काय करता येईल? इथेच विचारते.

निळी शाई
@रानमेवा, वेगळा धागा काढा ना.

घाटरस्ता
अवांतर: मराठी नावांच्या फाइली लिनक्स किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीवर) हलवताना एक गोष्ट सांभाळा. विंडोजला २५५ अक्षरांचं नाव चालतं, तिथे मर्यादा २५५ बाइटची असते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-वेलांटीसकट. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. 'वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त अंतिम सुधारित नवीन' छापाची नावं आणखी लांबली की तिथे अडकतात.

मिरची ठेचा
'अंतिम सुधारित नवीन' आमच्याही सोसायटीत आहे. :ड

हिशेबनीस
माय ड्राइव्ह ९१ जीबी निघाला. नाव बदलून ठेवलाय. क्लासच्या खात्यालाही स्ट्रीम केलं. आता दुसऱ्या वनड्राइव्हचं बोला. आणि गूगलच्या तीन लेटरऐवजी दुसऱ्या खात्यांतले फोल्डर माझ्याच खात्यात शेअर करून घेतले तर?

पावशेर
शेअर करून शॉर्टकट 'माय ड्राइव्ह'मध्ये घेता येतो, दिसायला सोयीचं आहे. मेख अशी की सोसायटीच्या फोल्डरमध्ये तुमच्या खात्यातून नवी फाइल टाकलीत तर ती मालकीने तुमची ठरते आणि जागा तुमच्या खात्यातून जाते, फुकट खातं असेल तर १५ जीबीतून. जीमेल आणि फोटोही त्याच जागेत मोजले जातात. उद्या तुम्ही सेक्रेटरी राहिला नाहीत की त्या फाइली तुमच्या नावावरच अडकतात. म्हणून सोसायटीचं काम सोसायटीच्या लेटरवरूनच करा. वनड्राइव्हचं उलटं, तिथे शेअर फोल्डरमधली जागा फोल्डरच्या मालकाची जाते. ड्रॉपबॉक्समध्ये दोघांच्याही खात्यात मोजली जाते, आणि फुकट खात्यात जागाच मुळात २ जीबी.

कोपऱ्यातला
दुसरं वनड्राइव्ह रोज लागतं की महिन्यातून कधीतरी?

हिशेबनीस
क्लासच्या जुन्या नोट्स आहेत. अधूनमधून.

कोपऱ्यातला
मग काहीच बसवू नका. निळी शाईंनी सांगितलं तसं ब्राउझरचं प्रोफाइल पुरे. किंवा एकदाच बसून त्या नोट्स क्लासच्या गूगल खात्यात हलवा, खातं एकाने कमी होईल.

घाटरस्ता
हलवायच्या असतील तर आरक्लोन कॉपी. आधी ड्राय-रन लावून काय काय जाणार ते बघा. 'सिंक' ही आज्ञा वापरू नका, ती मुक्कामाच्या बाजूचं जास्तीचं सगळं पुसते. आणि उलट्या दिशेने, म्हणजे गूगलकडून वनड्राइव्हकडे न्यायचं झालं, तर एक्सप्लोररमधून ओढू नका. गूगल डॉक्स-शीट्सच्या ज्या फाइली तिथे दिसतात त्या नुसत्या लिंक असतात, मजकूर आत नसतो. आरक्लोन त्यांचं वर्ड-एक्सेल करून नेतं.

कोपऱ्यातला
आणलंच शेवटी आरक्लोन. पण हे कामाचं आहे.

हिशेबनीस
ठीक. नोट्स रविवारी हलवतो. टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर नेला तर चालेल ना?

पावशेर
डी म्हणजे त्याच एसएसडीचं पार्टिशन ना? चालेल, पण बॅकअप म्हणून धरू नका, डिस्क एकच आहे. हलवण्याआधी टॅली पूर्ण बंद करा, सोसायटीच्या खात्याचं सिंक 'पॉज' करा, फोल्डर कॉपी करा (कट नको), टॅलीत डेटाचा नवा मार्ग द्या आणि कंपनी उघडून शेवटचं व्हाउचर दिसतंय का ते पाहा. ते दिसल्यावरच जुना फोल्डर काढा. सोसायटीचं मिरर-स्ट्रीम त्यानंतर.